नावही आपले, तळघरही आपले

१९११ साली फ्रान्सच्या शँपेन भागातले द्राक्ष उत्पादक रस्त्यावर उतरले. व्यापारी बाहेरची स्वस्त वाइन आणून तिला शँपेनचे नाव लावत आणि गावच्या द्राक्षांचा भाव पाडत. चिडलेल्या शेतकऱ्यांनी व्यापाऱ्यांची तळघरे फोडली. सरकारने सैन्य धाडले. भाव पाडण्याची ही तऱ्हा आपल्याला नवी नाही. पण त्याच देशातल्या, कमी बोलबाला झालेल्या दुसऱ्या एका वाइनची गोष्ट आपल्याला जास्त उपयोगाची आहे.

आग्नेय फ्रान्समध्ये द्रोम नदीच्या खोऱ्यात, डोंगराच्या पायथ्याशी 'दी' नावाचे लहानसे गाव आहे. तिथली फसफसणारी पांढरी वाइन म्हणजे 'क्लॅरेत द दी'. गोडसर, हलकी, मद्यार्क ७ ते ९ टक्के. साध्या वाइनमध्ये तो १२ च्या आसपास असतो. कोणी प्यावी की पिऊ नये, हा इथे मुद्दा नाही. मुद्दा ती कोण करतो हा आहे.

रीत साधी आहे. किमान तीन-चतुर्थांश द्राक्षे मस्कत जातीची, उरलेली क्लॅरेत जातीची. रस काढून थंड ठेवतात, म्हणजे तो सावकाश आंबतो. ज्वारीची आंबील उन्हाळ्यात लवकर आंबते आणि थंडीत रेंगाळते, हे आपल्या मायबहिणींना सांगायला नको. रस अर्धवट आंबलेला, साखर अजून शिल्लक, अशा वेळी तो बाटलीत भरून बंद करतात. शँपेन बाटलीत पुन्हा आंबावी म्हणून साखर घालावी लागते. इथे द्राक्षाचीच साखर पुरते. बाटलीत किमान चार महिने आंबणे चालू राहते. वायूला बाहेर वाट नसते, तो वाइनमध्येच मुरतो. मग दाब जाऊ न देता गाळ काढून वाइन स्वच्छ बाटलीत भरतात.

यात जादू कसलीच नाही. थंडावा, वेळ आणि नेमक्या दिवशी बाटली भरण्याचे ज्ञान. मात्र मालाची किंमत वाढते ती तोडणीनंतरच्या याच महिन्यांत. ते महिने ज्याच्या तळघरात जातात, वाढलेली किंमत त्याची.

दीच्या शेतकऱ्यांना हे उमगले. १९४२ साली त्यांच्या वाइनच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. पण नावावर ते थांबले नाहीत. १९५० साली त्यांनी स्वतःचे सहकारी तळघर उभे केले. ते आजही चालू आहे.

नावाचा कायदा दुधारी असतो, हेही त्यांनी भोगले. २०१६ साली याच नावाने गुलाबी वाइन करायला परवानगी मिळाली. दुसऱ्या प्रदेशातले गुलाबी वाइनवाले न्यायालयात गेले आणि २०१८ साली ती रद्द झाली. नाव राखते, तसेच बांधूनही ठेवते.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आनंद आहे. पण ज्वारी पोत्यात भरून अडत्याच्या दारात गेली, की शिक्का कागदावरच राहतो. कापसाचेही तेच. वेचणी झाली की आपला हात सुटतो. रुई, सरकी, सूत, कापड ही पुढची सारी कमाई दुसऱ्याच्या घरात होते.

शेतकरी भावांनो, नाव जरूर मिळवा. पण आधी विचारा: आपले तळघर कुठे आहे?