अर्थाचा अनर्थ

जुनी गाडी सुरू होईना की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला, "बॅटरी बदला." दुसरा, "सेल्फ रिवाइंड करा." या दोन्हींचं मला काही वाटत नाही. तिसऱ्याने मात्र डोकं फिरतं, "6 व्होल्टचं झंजट काढून टाका हो, सगळं 12 व्होल्ट करून घ्या!" हे सांगणाऱ्याने तोवर गाडीला एकदाही मीटर लावलेला नसतो.

बार्देशातल्या एका परिचितांकडे 1954 ची फोर्ड एफ-100 पिकअप आहे. फोर्डच्या पिकअप 1955 पर्यंत 6 व्होल्टच्या, आणि बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चेसिसला. 1956 पासून 12 व्होल्ट आणि निगेटिव्ह अर्थ. दीड वर्ष खपून त्यांनी गाडीचं रंगकाम केलं. आरशासारखी चकाकते. आणि तेव्हापासूनच सेल्फ रडायला लागला. डावा इंडिकेटर लावला की टेललाइट लुकलुकतो. गॅरेजवाल्याने दोन बॅटऱ्या खपवल्या, आता 12 व्होल्टचं कोटेशन दिलंय.

अहो, रंग हा विजेचा वैरी! इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. त्याला चेसिसशी जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी असते. रंगाऱ्याने चेसिस रंगवला, पट्टी रंगावरच आवळली, की करंट परत जायचा रस्ता बंद. मग तो वाट काढतो अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेतून नाहीतर स्पीडोमीटरच्या केबलमधून, आणि त्या तापतात. त्यात आमची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. टेललाइटचा अर्थ बॉडीच्या स्क्रूमधूनच येतो, तिथे गंज धरला की इंडिकेटरचा करंट शेजारच्या बल्बमधून वाट शोधतो. यात भुताटकी काही नाही.

आता हिशेब बघा. सेल्फ 200 अँपिअर ओढतो आणि वाटेत अवघा 0.01 ओहम अडथळा आहे असं धरा. 2 व्होल्ट तिथेच गेले. 6 मधले 2! तेवढ्याच ताकदीचा 12 व्होल्टचा सेल्फ अर्धाच करंट घेईल, म्हणजे 12 मधला 1 व्होल्ट जाईल. गाडी सुरू होईल, मालक खूश, गॅरेजवाला खूश. गंज मात्र तिथेच.

तपासायला लागतो तो साधा मल्टिमीटर. कॉइलची तार काढून ठेवा म्हणजे इंजिन पेटणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या अर्थ असलेल्या खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे, खुद्द खुंटीवर), दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर लावा. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. काट्याने अर्धा व्होल्ट दाखवला तरी 6 व्होल्टच्या गाडीत तो फार झाला. मग दुसरं टोक क्लॅम्पवर, चेसिसवर, पट्टीवर असं सरकवत न्यायचं. आकडा जिथे उडी मारतो तिथे दुखणं. ओहमवर लावून "कंटिन्युइटी आहे" म्हणणाऱ्यांना हात जोडावेत. केबलचा एकच तंतू शाबूत असला तरी मीटर तसंच सांगणार. सेल्फला तो एक तंतू काय पुरणार?

आणखी एक. कुणी बॅटरी उलटी जोडली तरी सेल्फ त्याच दिशेने फिरतो, म्हणून चूक कळतच नाही. अ‍ॅमीटर मात्र उलटा दाखवतो, जनरेटर बिघडतो. पॉझिटिव्ह अर्थ म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती पाना देऊन आपण "वारसा जपला" म्हणतो!

12 व्होल्ट करायचं तर बल्ब, हॉर्न, कॉइल, जनरेटर, रेग्युलेटर सगळं बदलतं, डॅशवरच्या मीटरांनाही व्होल्टेज उतरवून द्यावं लागतं. काढलेला माल भंगारात जातो. परिचितांना मी इतकंच सांगितलंय, की कोटेशनवर सही करण्याआधी रुपयाच्या नाण्याएवढा रंग खरवडून पट्टी लोखंडाला भिडवा, वरून ग्रीस लावा, आणि बॅटरीची केबल 6 व्होल्टला शोभेल अशी जाड आहे ना ते बघा. कुणीतरी 12 व्होल्टची बारीक केबल घातलेली असण्याची शक्यता दाट आहे.

रंग खरवडायला ते अजून तयार नाहीत.