मेघसेवेतील वखार आणि तिचा मुकादम



स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा गव्हाच्या भावाविषयी लिहावे असाच माझा प्रथम मानस होता. परंतु यंदा आपल्या संस्थेपुढे एक महत्त्वाचा प्रस्ताव आलेला आहे. सभासद पेढ्यांच्या मागण्या, साठा व उधारी यांची सामाईक व्यवस्था ‘कुबर्नेटीस’ नामक यंत्रणेच्या साह्याने भाडोत्री संगणकांवर उभारावी, असा तो प्रस्ताव. तरुण सभासद त्यास अनुकूल आहेत. वडीलधारे साशंक आहेत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला धान्याचा व्यापारी. यंत्रविद्येत माझा अधिकार नाही. तथापि जोखीम कशास म्हणतात हे वखारीत बसून थोडेफार कळले आहे.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीस महापूर आला व आपल्या शहराचा मोठा भाग बुडाला. आमच्या वखारीतील खालच्या थरांची पोती कुजलीच; पण त्याहून मोठी हानी कीर्द-खतावणीची झाली. गहू पुन्हा खरेदी करता आला. कोणाकडे किती येणे, हे पुन्हा लिहिता आले नाही. जुन्या गिऱ्हाइकांनी शब्दास जागून पैसे आणून दिले, म्हणून पेढी तगली. हिशेबाची एक प्रत गावाबाहेर असावी, हे तेव्हापासून माझे ठाम मत आहे.

मेघसेवा म्हणजे दुसऱ्याच्या वखारीत भाड्याने घेतलेली जागा होय. ॲमेझॉनने २०१६ साली व गूगलने २०१७ साली मुंबईत अशी केंद्रे सुरू केली. कुबर्नेटीस हा त्या वखारीतील मुकादम. गूगलने २०१४ साली तो जगास खुला केला. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा तांडेलच. मागणी घेणे, साठा मोजणे, बिल काढणे अशी एकेक कामे स्वतंत्र ‘कंटेनर’मध्ये बंद करतात आणि मुकादमास लेखी वर्दी देतात की, मागणी घेणारे तीन कंटेनर सदैव चालू हवेत. एक बंद पडल्यास तो न विचारता दुसरा उभा करतो. यंत्रच बिघडल्यास त्यावरील काम शेजारच्या यंत्रावर नेतो. चैत्र-वैशाखात घरोघर वर्षाचे धान्य भरण्याची घाई असते, तेव्हा तिनाचे दहा करता येतात. श्रावणात पुन्हा तीन. हंगामापुरते हमाल वाढवावेत, तसेच हे.

मात्र मुकादमास पगार असतो. ॲमेझॉनच्या सेवेत तो तासास १० सेंट, म्हणजे ३० दिवसांचे ७२ डॉलर. यंत्रांचे भाडे निराळे. जुनी आवृत्ती मुदतीत न बदलल्यास तोच दर तासास ६० सेंट होतो. माझ्या चिरंजीवांनी प्रयोगादाखल अशी व्यवस्था उभारली व मोडली. परंतु साठवणीच्या तबकड्या मोडावयाच्या राहिल्या. त्यांचे भाडे तीन महिने चढत गेले आणि कोणी बिल उघडून पाहिले नाही. दोष आमचाच. म्हणून दोन गुमास्त्यांच्या पेढीने या फंदात पडू नये. तिला हिशेबाची साधी तयार व्यवस्था पुरते. अनेक पेढ्यांच्या संस्थेने मात्र हा खर्च वाटून घ्यावा, असे माझे मत आहे.

परंतु काही अटींवर. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत, ॲमेझॉनच्या अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया केंद्रात दोष उत्पन्न झाला आणि जगभरच्या असंख्य सेवा कित्येक तास ठप्प झाल्या. वखारीचा दरवाजाच उघडेना, तर दक्ष मुकादम काय करील? यास्तव यंत्रे मुंबई केंद्राच्या निरनिराळ्या विभागांत विभागावीत. खतावणी कंटेनरमध्ये न ठेवता स्वतंत्र भांडारात ठेवावी. तिची रोजची प्रत दुसऱ्या शहरी, दुसऱ्या कंपनीकडे जावी. आणि दर तीन महिन्यांनी त्या प्रतीवरून हिशेब खरोखर उभा करून पाहावा. बिल संस्थेच्या नावे असावे व किल्ल्या ठेकेदाराकडे न राहता दोन पदाधिकाऱ्यांकडे असाव्यात.

सर्वांत नाजूक गोष्ट शेवटी सांगतो. आपण सभासद बंधू आहोत, तसेच प्रतिस्पर्धीही आहोत. माझा खरेदीभाव व माझ्या गिऱ्हाइकाची उधारी शेजारच्या पेढीस दिसता कामा नये. या यंत्रणेत प्रत्येकास निराळी खोली देता येते; पण खोली दिली म्हणजे कुलूप लागले असे नव्हे. कोणास काय पाहता येईल, याचे नियम आपणच लेखी ठरवून द्यावे लागतात व त्रयस्थाकडून तपासून घ्यावे लागतात. तसेच संस्था सोडणाऱ्या सभासदास त्याचा हिशेब वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळालाच पाहिजे.

या अटी ठरावात घातल्यास येत्या सर्वसाधारण सभेत मी अनुकूल मत देईन आणि माझ्या पेढीचा हिशेब प्रथम या व्यवस्थेत ठेवीन. अटी नसतील, तर माझा नम्र विरोध नोंदवावा. वडीलधाऱ्यांनी केवळ भयाने नकार देऊ नये व तरुणांनी केवळ उत्साहाने घाई करू नये, एवढीच विनंती.

— एक धान्य-व्यापारी सभासद, सुरत