नोंद संगणकात, हक्क वाऱ्यावर

म्हैसूरच्या के. आर. रुग्णालयात शहराबरोबरच मंड्या, चामराजनगर आणि कोडगू जिल्ह्यांतील रुग्णही येतात. तालुक्याच्या दवाखान्यातील तपासणीचा कागद वाटेत हरवला, तर गरिबाला तीच तपासणी पुन्हा करावी लागते. इलेक्ट्रॉनिक वैद्यकीय नोंदींची खरी कसोटी येथे आहे. दिल्लीतील आकडेवारीत नव्हे.

केंद्राने या नोंदींची मानके २०१३ मध्ये ठरविली, २०१६ मध्ये सुधारली आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू केले. चौदा अंकी ‘आभा’ क्रमांकांची संख्या ७० कोटींवर गेली आहे. पण क्रमांक म्हणजे नोंद नव्हे. रुग्णाच्या संमतीने त्याचा पूर्वेतिहास दुसऱ्या डॉक्टरला वेळेवर दिसतो काय, हा खरा प्रश्न आहे. सरकारी बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे येतात. त्यातच डॉक्टरने माहितीही भरावी, ही अपेक्षा नोंद अपुरी ठेवणारीच आहे.

२०२२ या वर्षाने दोन धडे दिले. जुलैमध्ये महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची संगणकप्रणाली सरकार आणि पुरवठादार यांच्या वादात बंद पडली. नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला आणि तेथील काम अनेक दिवस कागदावर आले. पहिल्या प्रसंगी करार दुबळा ठरला, दुसऱ्या प्रसंगी सुरक्षा. भुर्दंड मात्र दोन्ही वेळा रुग्णालाच पडला.

आरोग्य हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय. नागरिकांच्या माहितीच्या संरक्षणाचा कायदा मात्र संसदेचा. आरोग्यविषयक माहितीसाठी २०१८ मध्ये तयार झालेला ‘दिशा’ कायद्याचा मसुदा संसदेपर्यंत पोहोचलाच नाही. २०१९ च्या विधेयकात ही माहिती ‘संवेदनशील’ वर्गात होती. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्यातून तो वर्गच वगळला गेला. गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरविणारा २०१७ चा निकाल ज्यांच्या याचिकेवर लागला, ते न्या. के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायाधीश होते, हे बंगळुरूच्या राज्यकर्त्यांनी विसरू नये.

म्हणून राज्याने दोन गोष्टी तातडीने कराव्यात. पुरवठादार बदलला तरी नोंदी रुग्णालयाकडेच राहतील, अशी अट प्रत्येक करारात घालावी आणि रुग्णाच्या हाती त्याच्या नोंदीची कन्नड प्रत द्यावी. संसदेनेही वगळलेला वर्ग कायद्यात परत आणावा. ज्याच्या आजाराची नोंद आहे, त्यालाच ती वाचता येत नसेल आणि राखताही येत नसेल, तर संगणकाने केवळ फडताळाची जागा घेतली, एवढेच म्हणावे लागेल.