ओवी जिची, तिच्या नावाने

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरची जमीन हादरली. गणपती बोळवून दमलेली गावं झोपेत होती. दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची जड माळवदं अंगावर आली. लातूर-धाराशिव मिळून सरकारी हिशेबानेच आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यांना आदरांजली. मेलेली माणसं मोजली गेली, पडलेली घरं मोजली गेली. पंचनामा झाला नाही तो गेलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असलेल्या ओव्यांचा.

सगळा दोष भूकंपाच्या माथी मारता येणार नाही. ओवीच्या मुळावर आली ती पिठाची गिरणी. आणि त्याबद्दल बायकांपुढे गळा काढण्यात अर्थ नाही. कोंबडा आरवायच्या आत उठून घरभराचा जोंधळा दळणं ही काही हौस नव्हती. गिरणीने त्यांचे खांदे सोडवले, बरंच केलं. पण गाणं त्या कष्टालाच बांधलेलं होतं, ते कष्टाबरोबर सुटलं.

ते गाणं रचलं कुणी? एकोणिसाव्या शतकात हा मुलूख निजामाचा होता. आपल्या पणज्या-खापरपणज्यांना अक्षरओळख नव्हती. खुंट्याला समोरासमोर दोघी बसायच्या. एकीने ओळ टाकली की दुसरी ती उचलायची, आणि जात्याच्या फेऱ्यावर पुढची ओळ जुळायची. शब्द तिचे, चालही तिनेच गळ्यात घोळवलेली. अशा बाईला संगीतकार म्हणायला आपली जीभ का अडखळते? परंपरा तर फार जुनी. उमरग्यापलीकडच्या कल्याणीहून, म्हणजे आजच्या बसवकल्याणहून, राज्य करणाऱ्या सोमेश्वर चालुक्याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. राजाने नोंद घेतली ती ‘बायका’ म्हणून. नाव एकीचंही नाही.

नाव तर तिने स्वतःही घातलं नाही. ओवीत भावाचं नाव येतं, लेकाचं येतं, पंढरीच्या विठ्ठलाचं येतं. गाणारी मात्र ‘बाई मी’ एवढ्यावरच थांबते.

शिकलेल्या, श्रीमंत घरातही वेगळं घडत नव्हतं. जर्मनीतली फॅनी मेंडेल्सोन (१८०५–१८४७) संगीतकार भाऊ फेलिक्सइतकंच संगीत शिकली, साडेचारशेच्या वर रचना तिने केल्या. पण मुलीसाठी संगीत हा दागिनाच राहावा, असं वडिलांनी बजावलेलं. तिची सहा गाणी भावाच्या दोन संग्रहांत भावाच्याच नावाने छापली गेली. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने त्यांतलंच एक आवडीने गायलं, तेव्हा ते बहिणीचं असल्याचं फेलिक्सला कबूल करावं लागलं. स्वतःच्या नावाने छापायला तिने सुरुवात केली १८४६ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी ती वारली. तिने १८२८ मध्ये रचलेल्या ‘ईस्टर सोनाटा’चं हस्तलिखित १९७० मध्ये सापडलं तेही भावाचं म्हणूनच, ते तिचं आहे हे सिद्ध व्हायला २०१० उजाडलं. कागद होता म्हणून निदान सिद्ध तरी करता आलं.

आपल्याकडे बहिणाबाई चौधरींचं नशीब थोर. १८८० मध्ये असोद्याला जन्मलेल्या या बाईला लिहिता येत नव्हतं, पण लेक सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी तिची गाणी टिपून ठेवली. ती १९५१ मध्ये गेली, पुस्तक आलं १९५२ मध्ये. सास्तूर-होळी-लोहाऱ्याकडे अशी बाई झालीच नसेल असं मानायचं कारण नाही. तिच्या घरात टिपणारा लेक नव्हता, इतकंच.

हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याकडच्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून महाराष्ट्रभरातल्या लाखावर ओव्या जमवल्या. त्यांच्या कामात मला सगळ्यात मोलाची वाटते ती गाणारणीचं नाव आणि गाव लिहून घेण्याची शिस्त. त्यातल्या कितीतरी ओव्या ‘पारी’ (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. लोकसाहित्य म्हणून सगळं एका पोत्यात भरणाऱ्या आपल्या विद्वानांना ही शिस्त फार उशिरा सुचली.

आपल्याकडे लग्नात जात्याला हळकुंड बांधून हळद दळायची रीत अजून आहे. पंचमीला फेर धरणाऱ्या आज्या आहेत. पंचाहत्तरीच्या पुढच्या कितीजणींनी तरी लहानपणी आईसमोर बसून खुंटा धरलेला आहे. त्यांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन, मोबाईलवर आवाज टिपायला खर्च काहीच नाही. सोबत तिघींची नावं लिहावीत: गाणारीचं, तिला शिकवणाऱ्या आईचं आणि आठवत असेल तर आईच्या आईचं, प्रत्येकीच्या माहेरच्या गावासकट. तिसऱ्या नावापाशी आपण एकोणिसाव्या शतकाच्या उंबऱ्यावर पोचतो. एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत ठेवावी.  दिवाळीच्या सुट्टीत नववी-दहावीच्या पोरापोरींना हेच काम द्यावं.