बिनतुऱ्याचा रुबाब
माँट्रिऑलच्या भाचीने या आठवड्यात शेजाऱ्यांच्या कोंबड्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, याचा तुरा कुठंय?’ तुरा आहे, पण सुपारीएवढा. चोचीखालचं लाल लोंबतं मांसही नावापुरतंच. हा शांतेक्लेर जातीचा, क्यूबेकचा भूमिपुत्र. तिथल्या थंडीत मोठ्या तुऱ्याचे कोंबडे हिमदंशाने बेजार होत. ओका इथल्या मठातले ब्रदर विल्फ्रिड शातलेन यांनी 1908 मध्ये यावर काम सुरू केलं. त्यांनी कॉर्निश, लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, वायनडॉट आणि प्लिमथ रॉक यांचा संकर केला, पिढ्यान्‌पिढ्या निवड केली आणि 1918 मध्ये जात लोकांसमोर आणली. कडाक्याच्या हिवाळ्यातही अंडी देणारी, अंगानेही भरलेली. यातल्या कॉर्निशचं जुनं नाव ‘इंडियन गेम’. तिच्यात आपल्याकडच्या झुंजार असीलचं रक्त आहे, म्हणजे बर्फातल्या या पाहुण्याशी आपलं लांबचं नातं निघतंच. बाकी नातेवाइकांसारखं तेही फोटोपुरतंच! पण माझं मत पक्कं आहे: थंड मुलखात डौलदार तुऱ्याची कोंबडी आणायची आणि मग खुराड्यात विजेचे दिवे लावून तिला जगवायचं, ही शुद्ध चैन आहे, शिवाय आगीला आमंत्रण. खुराडं कोरडं ठेवा, दमट हवा बाहेर जाऊ द्या आणि जी कोंबडी दिव्याविना हिवाळा काढून अंडी देते, तिचीच पिल्लं वाढवा. उरलेल्यांचा रस्सा करा. जुनी जात टिकते ती अशा निवडीने. प्रदर्शनात नुसतं कौतुक करून नव्हे.