हिज्जे पक्के, तरी वाचन कच्चं का?

आपल्या मोहल्ल्यांत हल्ली ‘फोनिक्स’ क्लासच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. चार-पाच वर्षांच्या मुलांना इंग्रजी अक्षरांचे आवाज शिकवायचे आणि ते जोडून शब्द वाचायला लावायचे, असा हा प्रकार. फी ऐकून पालक दचकतात, पण भरतात. मला या पाट्यांची गंमत वाटते, कारण त्याच गल्लीतल्या मकतबमध्ये हे काम पिढ्यानपिढ्या चालू आहे. बे जबर ब, बे जेर बि, बे पेश बु. चिन्ह बघ, आवाज काढ, आवाज जोड. कायद्यातले हिज्जे म्हणजे फोनिक्सच की!

पद्धत खरोखर चांगली आहे. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीच्या मुलांची फोनिक्सची चाचणी होते. तिच्यात ४० शब्द असतात आणि त्यातले २० मुद्दाम बनवलेले, काहीही अर्थ नसलेले. मुलाने शब्द पाठ केला आहे की खरंच आवाज जोडून वाचला आहे, हे त्यातून कळतं. अर्थ माहीत नसलेला मजकूर बिनचूक वाचायचा तर आपल्या मकतबमधली मुलं कुणाला हार जाणार नाहीत!

तरीही हीच मुलं शाळेच्या पुस्तकापाशी अडतात. आमच्या भागातल्या अभ्यासिकेत मी शनिवार-रविवारी मुलांना शिकवतो. तिथे इंग्रजी माध्यमात तिसरीत शिकणारा एक मुलगा येतो. नाजरा कुरआन सुरेख वाचतो. इंग्रजीच्या पुस्तकात ‘पोनी’ लिहिलं होतं, वर चित्र होतं. चित्र बघून तो म्हणाला, ‘हॉर्स’. चित्र हाताने झाकलं तर गप्प. शाळेत त्याला शब्दांची कार्डं दाखवून शब्द ‘ओळखायला’ शिकवलं होतं, म्हणून तो ओळखत होता. मराठीचे धडे त्याला पाठ होते. बोट मात्र भलत्याच शब्दावर.

१९८६ साली गॉफ आणि टनमर या दोन संशोधकांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: वाचन म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज. इंजिनियर असल्यामुळे मला त्यातली गुणाकाराची खूण फार आवडते. बेरीज असती तर एका बाजूची कमतरता दुसरीने भरून काढली असती. गुणाकारात एक आकडा शून्य झाला की उत्तर शून्यच. मकतबमध्ये पहिला आकडा पक्का होतो. तिथला उद्देश तिलावत आहे आणि तो पुरा होतो, म्हणून मकतबला दोष देण्याचं कारण नाही. प्रश्न दुसऱ्या आकड्याचा आहे. तो कुठून आणायचा?

इथे मला मराठीचं महत्त्व वाटतं, आणि ते भाषाभिमानाने नाही. ‘करतो’ हा शब्द घ्या. मूल आधी क-र-तो असं सुटं वाचतं. आपण बोलताना ‘कर्तो’ म्हणतो. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च वेगळे, पण लिहायला एकच. म्हणजे अक्षरं जोडून मूल शब्दाच्या जवळ पोचतं, शेवटचं पाऊल त्याचा कान टाकतो. ज्याने घरात-गल्लीत तो शब्द हजारदा ऐकला आहे, ते मूल ‘हां, करतो!’ म्हणून पुढे जातं. असं काही वेळा स्वतः जुळवून वाचलं की मग तो शब्द नजरेला एकदम ओळखता येतो. शब्द ओळखण्याची ही खरी वाट आहे, कार्डांची नव्हे.

इंग्रजीत हा शेवटचा टप्पा फार लांबचा आहे. सी, ए, टी ही नावं कितीही जलद म्हटली तरी त्यांतून ‘कॅट’ निघत नाही. आवाज शिकवले तरी ‘वॉज’ हा शब्द जोडून ‘वॅस’ होतो. तो दुरुस्त करायला ‘वॉज’ आधी कानावर पडलेला हवा. ज्या घरात इंग्रजी बोललंच जात नाही, तिथल्या मुलाने तो कशाच्या आधारे दुरुस्त करायचा? उर्दूचंही थोडं तसंच. कायद्यात जबर-जेर-पेश असतात, उर्दूच्या छापील पुस्तकात बहुतेक गळतात. ‘इस’ आणि ‘उस’ एकाच अक्षरांत लिहिले जातात. कायदा संपवलेलं मूल उर्दू वर्तमानपत्र लगेच वाचू शकत नाही, ते यामुळे. ज्यांच्या घरात उर्दू किंवा दखनी आहे, त्यांचा कान तिथे मदत करतो, पण लिपीतल्या या गाळलेल्या जागा राहतातच.

म्हणून माझं म्हणणं: ज्या मुलाच्या कानावर मराठी आहे, त्याचं पहिलं खरं वाचन मराठीत होऊ द्या, मग शाळा कुठल्याही माध्यमाची असो. देवनागरीत अक्षराचं नाव आणि आवाज एकच, त्यामुळे अर्धं काम आधीच झालेलं असतं. मात्र क, ख, ग, घ, ङ या क्रमाच्या मागे लागू नका. ‘ङ’ने सुरू होणारा एक तरी शब्द मुलाला सांगता येईल का? त्याऐवजी स, ल, म, क ही चार अक्षरं आणि काना घ्या. एवढ्यात काका, मामा, मका, काम, माल, साल, कमाल होतात. सलाम होतो. कलमासुद्धा. आठवडाभरात मूल आपल्या घरातले शब्द कागदावर वाचू लागतं.

त्रास देतात ती वेलांटी आणि जोडाक्षरं. ‘कि’मध्ये वेलांटी डोळ्याला आधी दिसते, तोंडात नंतर येते. संगणकात मात्र युनिकोड आधी क साठवतो, मग वेलांटी. म्हणजे मशीनही आपल्या मकतबसारखे हिज्जे करतं, हे मुलांना सांगितलं की ती खूश होतात.

पालकांची शंका मला माहीत आहे: नोकरी इंग्रजीवर मिळते, मराठीचं काय करायचं? मी दिवसभर इंग्रजीतच काम करतो, तेव्हा इंग्रजीचं मोल मला कमी वाटत नाही. पण ‘चिन्हांचे आवाज जोडले की ओळखीचा शब्द निघतो आणि त्याला अर्थ असतो’ हा शोध मुलाला एकदाच लागावा लागतो. तो सोप्या जागी लागू द्या. तोवर इंग्रजी कानांना शिकवा: बोला, ऐकवा, गोष्टी सांगा. मग फोनिक्सला धरायला काहीतरी असेल.

हा प्रश्न फक्त आपल्याच मुलांचा नाही. असर २०२४ नुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत, तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी २३.४ टक्केच आहेत. पण आपल्याकडे एक सोय इतरांकडे नाही: रोज ठरल्या वेळी मुलं जमतात, आणि आवाज जोडायची त्यांना सवय आहे. मकतब सुटल्यावर हाफिजसाहेबांना किंवा आपांना विचारून वीस मिनिटं मागा. फळा तिथे आहेच. शिकवायला दहावी-बारावी झालेल्या मुली प्रत्येक गल्लीत आहेत, त्यांना थोडं मानधन द्या, फुकट राबवू नका. गोष्टींसाठी स्टोरीवीव्हरवर मराठी पुस्तकं मोफत आहेत. छापून घ्या, कारण मोबाइल हातात दिला की मूल गोष्ट सोडून भलतीकडे जातं. आणि वाचताना चित्रावर हात ठेवायला विसरू नका.