तिखट रश्शाला तुरट सोबती?

मटणाबरोबर लाल वाइन घ्यावी, असं एक सूत्र मोठ्या हॉटेलांच्या मेनूकार्डांवर हमखास छापलेलं असतं. सोलापुरात ते जसंच्या तसं पाळलं, तर वाइनही वाया जाते आणि मटणही. हे सांगायचं कारण म्हणजे ही वाइन आता साता समुद्रांपलीकडची राहिलेली नाही. आपल्याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या अकलूजजवळ ती तयार होते.

सोलापूरला द्राक्षं नवी नाहीत. नान्नजच्या नानासाहेब काळे यांचा 'सोनाका' वाण साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण ती खायची द्राक्षं. लांबट, बिनबियांची, तोंडात टाकली की गोड. वाइनची द्राक्षं नेमकी उलट. बारीक, जाड सालीची, बियांची. इटलीचे सेच्ची बंधू, आपल्याकडचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील एकत्र आले आणि 'फ्रटेली' उभी राहिली. या इटालियन शब्दाचा अर्थच 'भाऊ'. टस्कनीचा सांजोवेसे हा वाण त्यांनी माळशिरसच्या मातीत लावला. त्यात कॅबर्ने सोव्हिन्यों मिसळून केलेली 'सेत्ते' ही त्यांची भारदस्त लाल वाइन.

भारदस्त म्हणजे काय? इंग्रजी पुस्तकं यावर पानंच्या पानं खर्च करतात. आपल्या षड्रसांत मात्र या चवीला केव्हाचीच जागा आहे : तुरट. डाळिंबाची साल चुकून चावली गेली की जीभ कशी आखडते, हे डाळिंबाच्या या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत तोच गुण असतो; त्याला टॅनिन म्हणतात. लाळेतल्या प्रथिनांना ते पकडतं आणि तोंड कोरडं पडतं. समोर मांस असेल, तर त्यातली प्रथिनं आणि चरबी या तुरटपणाची धार बोथट करतात. मटणाचं सूत्र आलं ते इथून.

पण ते मटण युरोपातलं, मीठ-मिरपूड लावून भाजलेलं. आपल्या रश्श्यात काळा मसाला आणि वर बोटभर तर्री. तेरा-चौदा टक्के मद्यार्काने तिखटाची आग विझत नाही, उलट भडकते. तुरटपणा त्यात आणखी भर घालतो. मग मसाल्याचा वासही लागत नाही आणि वाइनचाही.

माझ्या मते, या वाइनचा खरा जोडीदार आपल्याच चुलीवर असतो आणि आपण त्याला मोजत नाही. तिखट घालण्याआधी पोरांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी बाजूला काढून ठेवतात ते अळणी मटण! हळद, मीठ, आलं-लसूण आणि चरबीचा तवंग. तुरट चवीला आणखी काय हवं? निखाऱ्यावर भाजलेलं, मसाल्याला हात राखलेलं शीकही चालेल. शाकाहारी मंडळींनी शेंगदाण्याच्या कुटाची, कमी तिखटाची भरली वांगी करून पाहावीत. शेंगाचटणी मात्र कडक भाकरी आणि दह्याची. तिला या भानगडीत ओढू नये. शेंगापोळीही नको, गोडामागून ही वाइन कडू-आंबट लागते.

आणखी एक. पुस्तकात लिहिलेलं 'खोलीचं तापमान' म्हणजे १६ ते १८ अंश. सोलापूरच्या मे महिन्यातली खोली त्यांनी पाहिलेली नाही. बाटली तासभर फ्रिजमध्ये ठेवावी, सरळ.

जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा केवढा गदारोळ झाला! एक बाजू म्हणे, संस्कृती बुडाली. दुसरी म्हणे, वाइन म्हणजे दारू नव्हेच. हे दुसरं बोलणं मला जास्त खटकलं. मद्यार्क आहे म्हणजे दारू आहे. तिच्यापायी घरं बसलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. जो घेत नाही, त्याचं काहीही अडत नाही. पण त्या साऱ्या भांडणात शेतकऱ्याचं नाव दोन्हीकडून घेतलं गेलं आणि त्याच्या मळ्यातून निघालेली ही चीज लागते कशी, हे कोणी विचारलं नाही. इटलीचा माणूस आपल्या गावची वाइन आपल्या गावच्या जेवणाशी पारखून घेतो. आपल्या हॉटेलवाल्यांनी निदान मेनूकार्डावर रश्श्याच्या वर एक ओळ अळणी मटणाची लिहावी.